बासवाले व्याही

४ फेब्रुवारी

आदरणीय व्याहीसाहेब,

नमस्कार. मुलं विमानात बसली आणि त्यांच्या घरातलं सामान आमच्याकडे आलं, हे आपणांस ठाऊक आहेच. कपाट, गाद्या आणि शिवणयंत्राची सोय लागली. एका वस्तूची काही केल्या लागत नाही. काळ्या रेक्झिनने मढवलेली, पुढे जाळी असलेली अशी ती एक पेटी आहे. हमालांनी ती दिवाणखान्यात टेकवली, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिथून पुढे न्यायला साफ नकार दिला. सोबत लांबलचक काळ्या पिशवीत एक गिटारही आहे. सूनबाई जाताना म्हणाली, "बाबांची वस्तू आहे, बाबा घेऊन जातील."

माझी सगळी नोकरी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेली. त्यामुळे घरात नवी वस्तू आली की तिची तपासणी केल्याशिवाय मला झोप लागत नाही. सदर पेटीस एक चाक कमी आहे. मागील बाजूस पांढऱ्या रंगात 'म्हैस' असं लिहिलेलं आहे. हे उत्पादकाचं नाव आहे काय? प्लग लावून पाहिला असता पेटी घुमू लागते आणि शेजारच्या कपाटातल्या कपबशा तिला साथ करतात.

तूर्तास हिने तिच्यावर विणलेलं कापड घालून पाण्यातल्या वेलीची बाटली ठेवली आहे. दिसायला बरं दिसतं. तथापि पेटी कधी नेणार, ते कळवावं. फोन केला तरी चालेल, पण फोनवर आपण वाक्य पूर्ण करत नाही असा माझा अनुभव आहे, म्हणून पत्रच बरं.

आपला,
व्याही


९ फेब्रुवारी

व्याहीसाहेब,

आधी ती बाटली उचला. मग पुढचं वाचा.

उचललीत? आता नमस्कार. अहो, आत वीज खेळते. वरून पाणी सांडलं तर म्हैस जाईल आणि जाता जाता तुमचा फ्यूजही घेऊन जाईल. म्हैस हे नाव आमच्या ड्रमरने ठेवलंय. एका लग्नाच्या पार्टीत आम्ही दोघांनी ती गच्चीपर्यंत चढवली, त्या दिवशी. आणि कृपा करून तिला पेटी म्हणू नका, लोकांना वाटेल मी हार्मोनियम वाजवतो. तो बासचा अँप आहे, म्हणजे बासचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. पिशवीतली ती गिटार म्हणजे माझा जुना बास. तुमच्या सूनबाईला लहानपणी त्याच्यावर शिकवायचा मी प्रयत्न केला होता. ती आठवडाभर शिकली आणि मग तिने गणिताची शिकवणी लावून घेतली.

साध्या गिटारला सहा तारा असतात, बासला चार, जाडजूड. त्यांचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येतो. गाण्यात तो आहे हे लोकांना माहीत नसतं. मी पोटापाण्यासाठी काय करतो हे आमच्या मातोश्रींना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या सगळ्यांना सांगायच्या, 'मागे उभा असतो.'

म्हैस घुमते कारण तुम्ही तिला फ्रिजच्या शेजारच्या प्लगवर लावलीय. दुसरीकडे लावून बघा. आणि आवाजाचं बटण शून्यावर आणल्याशिवाय चालू-बंद करू नका, तिला झटका बसतो.

आता न्यायचं म्हणाल तर सध्या अवघड आहे. हॉटेलात रोज वाजवणं चालू आहे. शुक्रवार-शनिवारी तर श्वास घ्यायला फुरसत नसते. हॉटेलचा स्वतःचा अँप आहे, त्यामुळे हिची गरज पडत नाही. शिवाय माझ्या नव्या खोलीचा जिना इतका अरुंद आहे की मी आणि बास एकदम चढू शकत नाही, एकाला खाली थांबावं लागतं. थोडे दिवस सांभाळून घ्या. विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा,
व्याही


२० फेब्रुवारी

आदरणीय व्याहीसाहेब,

बाटली उचलली. कापड मात्र हिच्या आग्रहामुळे राहिलं आहे. फ्रिजबाबतचं आपलं निदान अचूक ठरलं, प्लग बदलताच घुमणं थांबलं. इतकं अचूक निदान मी आमच्या खात्यातही क्वचित पाहिलं.

यानंतर जे घडलं ते केवळ तपासणीच्या ओघात घडलं, याची नोंद घ्यावी. वायर लोंबकळत होती. तिचं एक टोक म्हशीत बसतं, तर दुसरं बासमध्ये बसतं का, एवढंच मला पाहायचं होतं. बसलं. मग सर्वांत जाड तार अंगठ्याने ओढून पाहिली. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "कोण आलंय?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

ती म्हणाली, "मला वाटलं, कोणीतरी आलं."

आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसली. नंतर म्हणाली, "परत वाजवा बघू."

सांगायचं म्हणजे, मुलं गेल्यापासून या घरात दोन माणसं आणि एक घड्याळ एवढाच आवाज होता. ते असो. वस्तू चालू स्थितीत राहावी म्हणून रोज थोडी वाजवणं इष्ट दिसतं. तेव्हा बोटं कुठे ठेवावीत याच्या लेखी सूचना पाठवाव्यात. उजव्या अंगठ्याला फोड आला आहे. तो यायला हवा होता का?

तसंच हॉटेलात आपलं वादन ऐकायला आम्ही उभयतां येऊ इच्छितो. कोणता वार सोयीचा?

आपला,
व्याही


२६ फेब्रुवारी

व्याहीसाहेब,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तीनदा हसलो आणि चौथ्यांदा वाचायला घेतलं तर हसू आलं नाही. वाजवा. रोज वाजवा.

अंगठा सोडा. तर्जनी आणि मधलं बोट घ्या आणि ती तारेवर चालवा, माणूस चालतो तशी, एक पाय, मग दुसरा. घाई नाही. डाव्या हाताने तार इतकी दाबू नका, तुम्ही पाकीटमाराचा हात धरलेला नाही. फोड येतो, फुटतो, मग तिथे घट्टा पडतो. घट्टा पडला की बोट तुमचं राहत नाही, बासचं होतं.

त्या तारा म्हाताऱ्या झाल्या असतील. काढा, गरम पाण्यात थोडा वेळ उकळा, पुसून कोरड्या करून परत चढवा. हसू नका, सगळे बासवाले करतात. तारांच्या खोबणीत घाम आणि मळ बसतो, तो निघाला की त्या आठवडा दोन आठवडे पुन्हा बोलायला लागतात. आणि आवाज फार घुमत असेल तर मागच्या टोकाला, तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा सरकवा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, बासवाल्याचं आयुष्य कसं असतं. मागच्या वर्षी एका उद्योगपतीच्या पार्टीत यजमानांनी शेवटी माइक हातात घेऊन सगळ्यांचे आभार मानले. गायिकेचे मानले, ड्रमरचे मानले, कीबोर्डवाल्याचे मानले. बर्फ घेऊन आलेल्या माणसाचेही मानले. मी तिथेच उभा होतो, गळ्यात बास. ड्रमर म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांना वाटलं असेल तू भिंतीतला आहेस." मी म्हटलं, भिंत काढून बघा म्हणावं, छत कुठे जातं ते.

ऐकायला याल तर आनंदच आहे, पण एवढ्यात नको. हॉटेलच्या हॉलला रंग देणं चाललंय. तैलरंगाचा वास इतका की गायिका दर गाण्यानंतर बाहेर जाऊन शिंकते. रंग वाळला की कळवतो.

तुमचा,
व्याही


१८ मार्च

आदरणीय व्याहीसाहेब,

तारा उकळल्या. पातेलं निवडण्यात माझी चूक झाली, ते दुधाचं निघालं. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. दुधाला दोन दिवस लोखंडाचा वास येत होता. तारा मात्र लख्ख वाजतात.

एक अख्खं गाणं आता मला येतं, म्हणजे त्यातला आपला भाग येतो. ही भाजी चिरता चिरता वरचा भाग म्हणते. तिचा आवाज चांगला आहे. इतकी वर्षं संसार करून हे मला आता कळलं, याबद्दल काय म्हणावं ते सुचत नाही.

गेल्या शनिवारी आम्ही एका कामासाठी आपल्या शहरात येऊन गेलो. वेळ थोडा असल्याने भेट घेता आली नाही, राग नसावा.

आता एक शंका, केवळ अभ्यास म्हणून विचारतो. बासवाल्याचं काम कीबोर्डवाला आपल्या डाव्या हाताने करू शकतो काय? करू शकत असल्यास, ऐकणाऱ्याला नक्की काय कमी पडतं? उत्तर सविस्तर द्यावं, मला ते टिपून ठेवायचं आहे.

तब्येतीला जपावं. रात्रीचं जेवण वेळेवर घेत जावं. हिने आपल्यासाठी एक स्वेटर विणायला घेतला आहे. छातीचं माप कळवावं.

आपला,
व्याही


२३ मार्च

व्याहीसाहेब,

वा. विद्यार्थी म्हणावा तर असा. हा प्रश्न मला आजवर कोणीच विचारला नाही, आमच्या बँडमास्टरनेसुद्धा नाही.

करू शकतो. आजकाल बरेच जण करतात. एका माणसात दोन माणसांचं काम होतं आणि स्टेजवर जागा सुटते. सूर तेच लागतात, त्यात खोट काढता येणार नाही. पण व्याहीसाहेब, सूर लावणं हे अर्धंच काम आहे. तो कुठे सोडायचा, हे बाकीचं अर्धं. ड्रमरचा पाय खाली येतो त्या क्षणी माझं बोट तारेवर पडायला हवं आणि त्याचा पाय उचलला की मी तार दाबून गप्प करायला हवी. त्या गप्प होण्यात नाच असतो. कीबोर्डवाल्याचं लक्ष उजव्या हाताकडे. डावा हात बिचारा हजेरी लावून जातो.

बास नसला तर काय होतं म्हणाल, तर काहीच होत नाही. लोक येतात, जेवतात, टाळ्याही वाजवतात. फक्त त्यांचे पाय टेबलाखाली गप्प राहतात आणि बिल लवकर मागवलं जातं. का, ते त्यांनाही कळत नाही.

इथे सगळं झकास. रंग अजून वाळतोय. स्वेटरचं माप विहीणबाईंना अंदाजाने घ्यायला सांगा, फक्त डाव्या खांद्याला जरा सैल ठेवा. पट्ट्याने तो खांदा खाली आलाय.

तुमचा,
व्याही


११ एप्रिल

व्याहीसाहेब,

काल बँडमास्टरने मला बोलावून घेतलं. हॉटेलच्या व्यवस्थापकांकडे एक तक्रार आली आहे. चांगली चार पानी, कलमवार, टंकलिखित. त्यातलं एक कलम त्याने मला वाचून दाखवलं. 'श्रोत्यांचे पाय टेबलाखाली गप्प राहतात.' खाली तुमची सही. मुलीच्या लग्नात बँड त्याचाच होता, त्यामुळे नाव त्याने लगेच ओळखलं.

बँडमास्टर म्हणाला, "जागा परत हवी होती तर मला येऊन सांगायचंस. व्याह्यांकडून अर्ज कशाला लिहून घेतलास?"

शब्द माझेच होते.

म्हणजे मार्चमध्ये तुम्ही तिथे जाऊन आलात. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही मला स्वेटरचं माप विचारत होतात.

म्हैस आणि बास न्यायला रविवारी टेंपो पाठवतो. मुलीला यातलं काही कळवू नका. तेवढं तरी करा.


१४ एप्रिल

व्याहीसाहेब,

आपला राग रास्त आहे. मला फक्त घटनाक्रम सांगायचा आहे, निकाल आपण द्यावा.

रंग दिला जात असेल तर एखादी खिडकी उघडी असेल, तिथून थोडं ऐकू आणि न सांगता परत येऊ, असा आमचा बेत होता. आपल्याला संकोच वाटू नये म्हणून. गेलो तर हॉल उघडा आणि भिंतींना जुनाच रंग. आम्ही मागच्या टेबलावर बसलो. गायिका होती, ड्रमर होता, कीबोर्डवाला होता. ही म्हणाली, "व्याहीबुवा दिसत नाहीत." मी म्हटलं, "ते दिसत नाहीतच, त्यांनीच लिहिलंय." आणि ऐकायला लागलो. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. माझी पावलं थंड होती. घरी मी बोट लावलं की आमच्या कपबशा हलतात आणि इथे एवढी वाद्यं असून टेबलावरचं पाणी स्थिर होतं.

वेटरला विचारलं, "बासवाले सुट्टीवर आहेत का?"

तो म्हणाला, "त्यांना जाऊन बरेच महिने झाले साहेब. भला माणूस. जाताना आम्हा सगळ्यांचा हात हातात घेऊन गेला."

ही जेवली नाही. परतीच्या गाडीत तिने मला बजावलं, यातलं एक अक्षर त्यांच्यापुढे काढायचं नाही. मी काढलं नाही. पण गप्प बसून राहणंही जमेना. जिथे नुकसान दिसतं तिथे अहवाल लिहायचा, एवढीच विद्या मला येते. मी पैसे देऊन जेवलेला ग्राहक होतो आणि मला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नव्हतं, म्हणून मी तक्रार लिहिली. आपल्या नावाचा उल्लेख त्यात कुठेही नाही. मात्र आपली वाक्यं घेतली, कारण त्याहून चांगली मला सुचली नाहीत. आपल्याला त्यामुळे मान खाली घालावी लागेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. त्याबद्दल मी आपली माफी मागतो.

टेंपो यावा. वस्तू तयार ठेवतो.

आपला,
व्याही


२९ एप्रिल

व्याहीबुवांना नमस्कार.

हे पत्र मी लिहिते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही.

तुमचा टेंपोवाला आला होता, त्याला मी परत पाठवलं. म्हटलं, म्हैस व्यायची आहे, व्याल्यावर पाठवू. तो बिचारा विचार करत गेला. तुमचं एका शब्दाचंही पत्र नाही म्हणून हे रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहतात आणि मला सांगतात, झाडं बघत होतो. आमच्याकडे फाटकाशी झाड नाही.

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. मीही ह्यांच्यावर रागावले होते, दोन दिवस. पण मग मनात आलं, तुम्हीही आमच्याशी सरळ वागला नाहीत. आपल्या माणसांना कोणी रंग वाळत नाही म्हणून सांगतं का?

आता कामाचं. आमच्या वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम १७ मे ला आहे. मी गाणार आहे. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई अकॉर्डियन वाजवतात, शाळेतले कवायतीचे सर ड्रम. बासवर हे. ह्यांना दोन गाणी येतात आणि कार्यक्रमात आठ आहेत. मी म्हटलं, बाकीच्या सहांसाठी व्याहीबुवांना बोलवू. हे म्हणाले, कोणत्या तोंडाने? म्हणून माझ्या तोंडाने बोलावते आहे.

स्वेटर झाला आहे. डावा खांदा सैल ठेवला आहे.

विहीण


५ मे

व्याहीसाहेब,

विहीणबाईंचं पत्र आलं. तुम्हाला सांगितलेलं नाही असं त्या म्हणतात, तेव्हा तुम्ही वाचलं नाही असं धरून चालतो.

माझी जागा ऑक्टोबरमध्ये गेली. भांडण नाही, तंटा नाही. बँडमास्टर म्हणाला, हॉटेलला तिघंच हवेत आणि कीबोर्डवाल्याला डावा हात आहे. मी म्हटलं, डावा हात मलाही आहे. तो हसला आणि मीही हसलो. तिथेच विषय संपला. मुलीचं परदेशी जायचं चाललं होतं. तिला सांगितलं असतं तर तिने तिकीट पुढे ढकललं असतं, मला पक्कं माहीत आहे. म्हणून तिला काही बोललो नाही. मग तुम्हालाही नाही, कारण तुमच्यापर्यंत आलं की तिच्यापर्यंत जाणारच. त्यानंतर सवयच लागली.

रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून, बास खांद्याला लावून मी जिना उतरायचो. शेजारणीला सांगायचो, निघालो हॉटेलात. मग बागेतल्या बाकावर जाऊन बसायचो. बासला अँपशिवाय आवाज नसतो, डास गुणगुणतो तितकाच. त्यामुळे तिथे वाजवलं तरी कोणाला त्रास नाही. एक आजोबा रोज शेजारी येऊन बसायचे. पुष्कळ दिवसांनी त्यांनी विचारलं, "दुरुस्त होत नाहीये का?"

तुमची पत्रं यायला लागली आणि मला कोणीतरी विचारायला लागलं की बोट कुठे ठेवू, तार कशी काढू. माझ्या घरात फक्त तेवढाच वेळ मी बासवाला असायचो. म्हणून तुम्हाला सगळं कळलंय हे कळल्यावर ते तेवढंही गेलं असं वाटलं. रागापेक्षा लाजच जास्त होती. राग लिहायला सोपा जातो.

तुमच्या तक्रारीने एक झालं आहे. व्यवस्थापकांनी बँडमास्टरला विचारलं आणि बँडमास्टरने मला. आठवड्यातून दोन दिवस ये म्हणतो, पण स्टेजवर शोभेच्या झाडाची मोठी कुंडी आहे, तिच्या मागे उभा राहा आणि बेताने वाजव. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

१७ ला येतो. तुमची दोन गाणी कोणती, ती कळवा. मी त्यांना हात लावणार नाही.

तुमचा,
व्याही


२२ मे

व्याहीसाहेब,

घरी सुखरूप पोचलो. स्वेटर उन्हाळ्यात घालून बसलो म्हणून शेजारीण विचारत होती, ताप आहे का.

तुम्हाला त्या संध्याकाळी स्टेजवर नीट सांगता आलं नाही, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी वाक्य पूर्ण करत नाही. म्हणून लिहितो.

तुम्ही स्टेजवर उभे राहिलात तेव्हा चेहरा असा होता की कोणाच्या घराला आग लागलीय आणि तुम्ही पंचनाम्याला आलात. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि देवाशप्पथ, उठून तुमच्या हातातून बास घ्यावा असं मला वाटत होतं. मग तुम्ही पहिला सूर लावलात. व्याहीसाहेब, इतकी वर्षं मी म्हशीच्या बाजूला उभा राहिलो. तिच्या समोर कधी बसलोच नव्हतो. तो आवाज खुर्चीच्या पायातून माझ्या पायात आला आणि वर चढला. मी लोकांना आयुष्यभर काय देत होतो, ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा मिळालं. तुम्ही दोनच तारा वापरल्यात. एक सूर चुकलात, तोही इतक्या ठामपणे की डॉक्टरीणबाईंना वाटलं आपलंच चुकलं. पण लय? कवायतीचे सर पळत होते, विहीणबाई पळत होत्या आणि तुम्ही घड्याळासारखे. शेवटी तेच तुमच्याकडे परत आले. हे शिकवता येत नाही. मी तर अजिबात शिकवलेलं नाही.

विहीणबाईंच्या आवाजाबद्दल वेगळं पत्र लिहीन. ते त्यांना.

नंतर मी वाजवलं तेव्हा लोकांनी खुर्च्या भिंतीला लावल्या ते तुम्ही पाहिलंतच. वाचनालयाच्या ग्रंथपालांना नाचताना मी पुन्हा बघेन असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बँडमास्टरकडे गेलो. म्हटलं, दोन दिवस येईन, पण कुंडी हलवायची आणि अँप माझा. तो म्हणाला, कुंडी हॉटेलची आहे. मी म्हटलं, मग हॉटेलकडे अजून एक तक्रार येईल, माणूस तयार आहे. कुंडी हलली.

आणि मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग ओरडली, मग म्हणाली, "बाबा, सासरे खरंच स्टेजवर उभे होते?" त्यानंतर तिने माझ्याबद्दल एक प्रश्नही विचारला नाही.

म्हैस आता मला लागेल. जुना बास तुमच्याकडेच राहू दे, तो तुमचा झाला. घरात वाजवायला एक छोटा अँप घेऊन येतो, पाटाएवढा आहे, कपबशांना धोका नाही.

तुमचा,
व्याही


१६ जून

व्याहीबुवा,

काल म्हैस पोचती केली आणि आम्ही परत आलो. तुम्ही वर वायरी जोडत होतात, तेव्हा खाली काय झालं ते तुम्हाला कळलेलं नाही, म्हणून हा अहवाल.

मी गाडी हॉटेलच्या पुढच्या दारात लावली. मी आणि ड्रमरने म्हैस उतरवली. एक चाक नसल्यामुळे ती डाव्या अंगाला ओढते, म्हणून मी डावीकडून खांदा दिला. ड्रमर वाटेतच दुसरी बाजू सोडून बुटाची नाडी बांधायला खाली बसला, तेव्हा द्वारपाल माझ्यापाशी आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही बँडमधले का?"

तुम्हाला माहीत आहे, नोकरीत मी मोठमोठ्या कारखान्यांत आणि हॉटेलांत पाहणीला गेलो. कायम पुढच्या दाराने. मालक स्वतः घ्यायला यायचे आणि खुर्ची पुसून द्यायचे. त्यांच्यापैकी एकालाही मी यावं असं वाटत नसे, हेही मला ठाऊक होतं. द्वारपालाला काय सांगावं याचा मी क्षणभर विचार केला. निवृत्त अधिकारी, पाहुणा, ग्राहक, यांतलं काहीही खोटं ठरलं नसतं.

मी म्हटलं, "हो."

तो म्हणाला, "मग मागच्या दाराने. स्वयंपाकघरातून डावीकडे, फरशी ओली आहे, जपून." आणि हिला अदबीने म्हणाला, "बाई, तुम्ही पुढून या."

हिने पदर खोचला, म्हशीची सुटलेली बाजू धरली आणि त्याला म्हणाली, "मीही त्यांच्यातलीच आहे." मग आम्ही दोघं मागच्या दाराने आत आलो.

तुमचा,
व्याही